मोटारीचा फ्यूज चार-सहा महिन्यांनी का उडतो आणि मग कितीचा टाकायचा

आमचं पलूसकडं मोटार भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीची कॉईल नव्यानं गुंडाळायचं दुकान आहे, आणि दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "काहीच कारण नव्हतं ओ, आपोआप फ्यूज गेला". मोटार तीच, विहीर तीच, पाईप तीच, काल संध्याकाळपर्यंत चालत होती आणि आज सकाळी लाईट आली की फटकन एक फ्यूज गेला. मग माणूस काय करतो तर नवीन टाकतो, तो चार महिने चालतो, परत जातो, मग तिसऱ्या वेळी वैतागून डबल तार टाकतो. आणि मग मोटार आमच्याकडं येते भरायला. आम्हाला धंदा मिळतो म्हणा पण ते बघवत नाही राव, म्हणून हे लिहितोय.

एक उदाहरण घेतो म्हणजे बोलायला सोपं जाईल. वाळव्याकडचे एक तात्या आहेत, ऊसवाले, विहिरीवर साडेसात एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र), साधा डीओएल स्टार्टर (मोटार थेट लाईनवर सुरू करणारा), पेटीत २५ अँपिअरचे एचआरसी फ्यूज (चिनी मातीच्या बंद नळीतले). चालू करंट टॉंग टेस्टरनं (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर) मोजला तर ११ अँपिअरच्या आसपास. तात्यांचं म्हणणं बरोबर वाटतं, की ११ चा करंट आणि २५ चा फ्यूज, दुपटीपेक्षा जास्त आहे की, मग उडतोच का? हा प्रश्न चुकीचा नाही, फक्त अर्धा आहे. फ्यूज ११ अँपिअरनं मरत नाही. तो मरतो मोटार सुरू होतानाच्या झटक्यानं, आणि एका झटक्यानं पण नाही, हजारभर झटक्यांनी.

मोटार थेट लाईनवर सुरू केली की पहिले काही सेकंद ती चालू करंटच्या सहा ते आठपट ओढते. म्हणजे तात्यांची मोटार ११ ची असली तरी सुरू होताना ६६ नाहीतर ७५-८० अँपिअर सुद्धा घेते, स्पीड पकडला की खाली येते. आता फ्यूजच्या आत काय असतंय तर चांदीची नाहीतर तांब्याची बारीक पट्टी, तिला मधे मधे खाचा पाडलेल्या, भोवती गच्च भरलेली वाळू आणि बाहेर चिनी मातीची नळी. झटका आला की खाचेपाशी पट्टी तापते, तापली की लांब होते, वाळूत जागा नसते म्हणून किंचित वाकते, मोटार स्पीडला आली की गार होऊन परत आखडते. लोखंडी तार हातात घेऊन खालीवर वाकवत राहिलं की दहा-बारा वेळेला तुटते ना, तसंच हे, फक्त इथं वाकणं डोळ्याला न दिसण्याइतकं असतंय म्हणून हजारभर वेळा लागतात.

दुसरं एक होतं. बऱ्याच फ्यूजमधे पट्टीवर कथिलाचा एक ठिपका दिलेला असतो. तांबं वितळायला १०८५ डिग्री लागतात, कथील २३२ लाच वितळतं, मग ते तांब्यात नाहीतर चांदीत मुरतं आणि पट्टी कमी तापमानाला तुटते, म्हणजे हळू येणाऱ्या ओव्हरलोडला फ्यूज वेळेत उडतो. ही युक्ती १९३९ सालची, मेटकाफ नावाच्या इंजिनिअरच्या नावानं एम इफेक्ट म्हणतात. युक्ती भारी आहे पण तिची दुसरी बाजू अशी की प्रत्येक मोठ्या झटक्याला कथील थोडं थोडं मुरत राहतं. एकदा मुरलं की परत येत नाही. मुरलेल्या जागी रेझिस्टन्स वाढतो, तिथं पुढच्या झटक्याला जास्त तापतं, अजून मुरतं. म्हणून जुना फ्यूज दिसायला नव्यासारखाच असतो, मीटर लावला तर बीप पण वाजते, पण तो आता २५ चा राहिलेला नसतो.

आता हिशोब. आमच्या भागात शेतीची लाईट आठ तास असते असं धरा, त्यात ती पाच-सहा वेळा जाते-येते, आणि पेटीत ऑटो बसवलेला असतो म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप सुरू. सहा वेळा धरा, वर्षातले अडीचशे दिवस धरा, झाले दीड हजार स्टार्ट. पुण्याच्या एखाद्या सोसायटीतल्या मोटारीला दिवसातनं दोनदा बटण दाबतात, तिचा फ्यूज आणि तात्यांचा फ्यूज एकच कंपनी, एकच नंबर, पण आयुष्य सारखं कसं असेल?

फ्यूज कितीचा घ्यायचा ते आता बघू. फ्यूजच्या अंगावर जो आकडा असतो तो "एवढा करंट कायम वाहून नेईन" असा असतो, "एवढ्याला उडेन" असा नसतो. एचआरसी मधे जीजी क्लासचा (सर्वसाधारण कामाचा) फ्यूज असेल, १६ अँपिअर किंवा वरचा, तर सव्वापटीला तो तासभर तरी उडायचा नाही आणि १.६ पटीला तासाभरात उडलाच पाहिजे, असं स्टँडर्डमधे ठरलेलं आहे (हा एक तास ६३ अँपिअरपर्यंतच्या फ्यूजला). झटक्यासाठी पण त्यात आकडे आहेत आणि ते कुणी सांगत नाही म्हणून इथं देतो. १० सेकंद टिकलाच पाहिजे असा करंट २० च्या फ्यूजला ४२ अँपिअर, २५ च्या फ्यूजला ५२, ३२ च्या फ्यूजला ७५, ४० च्या फ्यूजला ९५. आणि ५ सेकंदात उडलाच पाहिजे असा करंट २५ ला ११०, ३२ ला १५०.

आता तात्यांचा ६६ अँपिअर या आकड्यांत बसवा. २५ च्या फ्यूजला ५२ पर्यंत खात्री आहे आणि ११० ला तो नक्की जातो, ६६ मधे लोंबकळतोय. पहिल्या दिवशी उडत नाही म्हणून वाटतं की बरोबर बसला, पण प्रत्येक स्टार्टला तो काठावरनं परत येतो. ३२ चा टाकला तर ६६ हा ७५ च्या खाली, झटका अंगाला लागत नाही म्हणा ना. तात्यांकडं हेच केलं, फ्यूज ३२ चा आणि ओव्हरलोड रिलेचं (जास्त करंट बराच वेळ राहिला की मोटार बंद करणारा स्टार्टरमधला भाग) बोट मोटारीच्या नेमप्लेटवरच्या करंटला लावलं. हे दुसरं विसरायचं नाही. ओव्हरलोड बघायचं काम रिलेचं आणि शॉर्ट सर्किट बघायचं काम फ्यूजचं, दोन्ही कामं फ्यूजवर ढकलली की तो एकतर सारखा उडतो नाहीतर मोटार जाळतो. पण म्हणून ६३ चा टाकायचा का? नाही. स्टार्टरच्या दाराच्या आत एक स्टिकर असतो, त्यावर रिलेच्या रेंजसमोर जास्तीत जास्त किती अँपिअरचा बॅकअप फ्यूज चालेल ते लिहिलेलं असतंय, त्याच्या वर एक पाऊल सुद्धा जायचं नाही, कारण शॉर्ट झाला की फ्यूजच्या आधी रिलेची पट्टी जळते आणि कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला लाईन जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटून बसतो. स्टिकर फाटला असेल, उंदरानं खाल्ला असेल, तर त्याच मॉडेलचा चार्ट दुकानदाराकडं मागा. केबल पण बघा, ३२ च्या फ्यूजमागं अडीच स्क्वेअरची जुनी कडक झालेली वायर असली तर आधी ती बदला.

सबमर्सिबलवाल्यांनी लगेच उड्या मारू नका. सबमर्सिबल पंप एका सेकंदाच्या आत स्पीडला येतो, झटका तेवढाच पण वेळ कमी, त्यामुळं बऱ्याच वेळा त्याला २५ चा पण व्यवस्थित चालतो. झटका किती मोठा एवढंच बघायचं नसतं, तो किती वेळ टिकला हे पण बघायचं. घड्याळ लावून बघा, मोटारीचा आवाज चढतो आणि एका जागी स्थिर होतो, तेवढे सेकंद मोजा. टॉंग टेस्टरमधे इनरशचं बटण असेल तर झटका पण मोजता येतो, नसेल तर नेमप्लेटच्या सातपट धरा.

आणि इथं व्होल्टेज येतं. संध्याकाळी डीपीच्या (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरच्या) शेवटच्या टोकाला ४१५ च्या जागी ३४० व्होल्टेज असलं की लोकांना वाटतं करंट कमी, फ्यूजला आराम. झटका थोडा कमी होतो हे खरं, ६६ चा ५४ वर येईल, पण मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं पडते, ३४० ला ती साधारण दोन तृतीयांशच राहते, मग जी मोटार दीड सेकंदात सुटायची ती चार-पाच सेकंद घुरघुरत राहते. ५४ अँपिअर पाच सेकंद म्हणजे ६६ अँपिअर दीड सेकंदापेक्षा फ्यूजला लय जड. त्यात सगळ्या शिवाराच्या मोटारी ऑटोवर. लाईट आली की एका डीपीवरच्या वीस मोटारी एकाच क्षणी उठतात, व्होल्टेज बसतं, कुणाचीच मोटार लवकर सुटत नाही आणि वीसही जणांचे फ्यूज एकदम मार खातात. याच्यावर उपाय फार साधा आहे, ऑटोमधे डिले टायमर असतो, तो शून्यावर ठेवू नका. शेजाऱ्यानं दोन मिनिटं ठेवला असेल तर तुम्ही तीन ठेवा, पलीकडच्यानं पाच. आमच्या एका गिऱ्हाईकानं बांधावरच्या भावकीला हे सांगितलं तर त्यांना वाटलं की हा पाणी आधी ओढायला बघतोय. भावकी ती भावकीच.

किटकॅटवाल्यांसाठी. अजून बऱ्याच जुन्या पेट्यांत पांढरा चिनी मातीचा किटकॅट आहे, त्यात तार घालायची. तार कुठली घालायची तर कलई केलेली तांब्याची फ्यूज तार, जाडीप्रमाणं. ०.२० मिमी म्हणजे ५ अँपिअर, ०.३५ म्हणजे १०, ०.५० म्हणजे १५, ०.६० म्हणजे २०, ०.८५ म्हणजे ३०. याच्या मागं जुना नियम आहे प्रीसचा, तार वितळायचा करंट म्हणजे ८० गुणिले मिमीमधल्या जाडीचा दीड घात, म्हणजे ०.५० ची तार खरंतर २८ अँपिअरच्या आसपास वितळते. बघा, १५ ची तार २८ ला. किटकॅट असा जवळपास दुपटीला उडतो म्हणून मोटार वाचवायला तो मुळातच ढिला गडी आहे. शिवाय तार उघड्यावर, प्रत्येक झटक्याला लाल होते, वरची कलई जाते, तांबं काळं पडतं, पापुद्रे निघतात, तार बारीक होत जाते आणि एक दिवस साध्या चालू करंटला तुटते. दोन तारा पिळून घातल्या की दुप्पट होतात असं पण नाही, एकमेकीला तापवतात म्हणून दुपटीपेक्षा कमीच भरतं, आणि किती कमी हे पिळ कसा दिला त्यावर, म्हणजे हिशोबच गेला. वायरमधली एक तार सोलून घालणारे, चहाच्या पुडक्याची चांदी गुंडाळणारे, खिळा घालणारे, सगळे बघितलेत. खिळ्याची मोटार भरायला आली की आम्ही कॉईल बाहेर काढतानाच ओळखतो, तिन्ही फेज कोळसा असतात. जमत असेल तर मोटारीच्या पेटीतनं किटकॅट काढा आणि एचआरसीचा बेस बसवा.

उडालेला फ्यूज फेकू नका, आधी बघा. किटकॅटची तार मधेच थोडीशी तुटलेली असेल, दोन्ही टोकं गोल मण्यासारखी, तर ओव्हरलोड किंवा दमलेली तार. सगळी तारच गायब, चिनी मातीवर काळं आणि तांब्याचा शिंतोडा, तर शॉर्ट आहे, नवीन टाकायच्या आधी मोटार आणि केबल मेगरनं (इन्सुलेशन तपासायचं मीटर) तपासा. काचेच्या छोट्या फ्यूजचं पण तसंच, आतनं काच आरशासारखी झाली असेल तर शॉर्ट, काच स्वच्छ आणि तार मधे तुटलेली असेल तर थकवा. एचआरसी मधलं दिसत नाही, तिथं दुसरी खूण बघा: फ्यूजचं एक पातं निळं-काळं पडलंय का? पडलं असेल तर फ्यूजचा दोष नाही, बेसचा जबडा ढिला आहे, तिथली उष्णता आत पट्टीपर्यंत जाते आणि फ्यूज वेळेआधी जातो. माझ्या मते "आपोआप गेला" मधले निम्मे याच भानगडीचे असतात. नवीन फ्यूज घातला तरी जबडा ढिलाच राहतो, मग परत तेच. स्प्रिंग मेली असेल तर बेस बदला, ॲल्युमिनियमची केबल असेल तर लग लावून घट्ट करा.

तीनपैकी एक गेला तर तिन्ही बदला. यावर लोक भांडतात आमच्याशी, "दोन चांगले आहेत की". अहो ते तिघं भाऊ एकाच दिवशी कामाला लागलेत, तेवढेच झटके तिघांनी खाल्लेत, आणि एक उडाला त्या वेळी मोटार दोन फेजवर अडकली म्हणजे उरलेल्या दोघांनी शेवटचा जो मार खाल्ला तो सगळ्यात मोठा. चालत्या मोटारीचा एक फेज गेला की बाकी दोन फेजचा करंट पावणेदोनपटीच्या आसपास जातो. तात्यांच्या ११ चे १९ होतात, आणि १९ ला ३२ चा काय, २५ चा फ्यूज पण हालत नाही, मोटार मात्र जळते. म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र) पाहिजेच, फ्यूजच्या भरवशावर हे सोडायचं नाही. तीन फ्यूज आणि एक प्रिव्हेंटर याची किंमत मोटार भरायच्या बिलापुढं काहीच नाही, हे आम्ही बिल घेणारेच सांगतोय.

दमलेला फ्यूज उडायच्या आधी ओळखता येतो का? थोडाफार येतो. मोटार चालू असताना, तिन्ही फेजचा करंट सारखा आहे हे बघून, प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांमधे मल्टिमीटरनं मिलिव्होल्ट मोजायचे. तिघांचे आकडे जवळपास सारखे पाहिजेत, एकाचा दीडपट-दुप्पट आला तर तो फ्यूज तरी गेलाय नाहीतर त्याचा जबडा. हे चालू लाईनवरचं काम आहे, रबरी हातमोजे घालून जाणत्या वायरमननंच करायचं, युट्युब बघून नाही. आणि फ्यूज काढताना-घालताना मेन बंद, टेस्टरनं तपासून, पुलरनं. डीपीवर चढून स्वतः फ्यूज टाकणाऱ्यांना तर काय सांगायचं, दरवर्षी माणसं जातात त्यात.

पेटी उन्हात असेल तर तोही हिशोब धरा. एप्रिलमधे तासगाव-कवठेमहांकाळकडं पत्र्याच्या पेटीला हात लावला तर चटका बसतो, आत फ्यूज आधीच तापलेला, त्याला झटका सोसायला जागा कमी उरते. पेटीवर चार पत्रे सावलीला टाका, खाली-वर जाळी ठेवा. एमसीबीचं (फ्यूजऐवजी बसवायच्या, जास्त करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचचं) विचाराल तर मोटारीला सी कर्व्हचा पाचपट ते दहापटीला ट्रिप होतो म्हणून काठावरच्या साईजला सुरू होतानाच पडतो, डी कर्व्ह दहा ते वीसपट, तो मोटारीला बरा.

आता मोटारीतनं बाहेर येऊन छोट्या काचेच्या फ्यूजकडं, कारण डेअरीतला इलेक्ट्रॉनिक काटा, पोल्ट्रीतले एलईडी, सीसीटीव्हीचा सप्लाय, यांचं दुखणं तेच आहे. यात लाईट आली की आतला कपॅसिटर एकदम भरतो, एखाद-दोन मिलिसेकंदाचा झटका पण ३०-४० अँपिअरचा. एवढ्या कमी वेळात पट्टीची उष्णता बाहेर पडायला वेळच नसतो, म्हणून इथं अँपिअर न बघता आय स्क्वेअर टी बघायचा, म्हणजे करंटचा वर्ग गुणिले वेळ. फ्यूजच्या डेटाशीटमधे वितळायचा आय स्क्वेअर टी दिलेला असतो. झटक्याचा तुम्ही काढायचा. झटका एकदम चढून हळूहळू उतरणारा असेल तर शिखराचा वर्ग गुणिले उतरायचा वेळ, आणि त्याचं निम्मं. उतरायचा वेळ म्हणजे शिखराच्या ३७ टक्क्यावर यायला लागतो तेवढा. समजा ३० अँपिअर आणि १ मिलिसेकंद, तर ९०० गुणिले ०.००१ म्हणजे ०.९, त्याचं निम्मं ०.४५.

आता मजा बघा. फ्यूज बनवणाऱ्यांच्या पत्रकात असं असतं की १०० झटके सोसायचे असतील तर झटक्याचा आय स्क्वेअर टी फ्यूजच्या वितळायच्या आय स्क्वेअर टीच्या ४८ टक्क्यापर्यंत चालेल, १ हजार झटक्यांना ३८ टक्के, १० हजारांना २९ आणि १ लाखाला फक्त २२ टक्के, आणि दोन झटक्यांत दहा सेकंद तरी गार व्हायला पाहिजेत. म्हणजे ०.४५ चा झटका हजार वेळा सोसायला १.२ आय स्क्वेअर टीचा फ्यूज लागेल. दिवसाला दहा वेळा लाईट जात-येत असेल तर हजार झटके शंभर दिवसांत झाले की! सव्वातीन महिने. लाखाच्या हिशोबानं घेतला तर ०.४५ भागिले ०.२२, म्हणजे २.०५ च्या वरचा पाहिजे, मग फ्यूजचा विषयच संपतो. त्यासाठी अँपिअर वाढवायची गरज बहुतेक वेळा नसते, तेवढ्याच अँपिअरचा टाइम लॅग फ्यूज घ्या, काचेच्या टोपणावर टी लिहिलेलं असतं, फास्टवर एफ. दुकानात "दोन अँपिअर द्या" म्हणलं की समोर असेल तो देतात, एफ का टी कुणी बघत नाही. उलटं पण करू नका, ज्या मशीनमधे मुळात एफ दिलाय तिथं डोकं न लावता टी टाकला तर आतलं सेमीकंडक्टर आधी उडेल आणि फ्यूज तसाच. आणि बंद करून लगेच चालू करू नका, सप्लायमधे झटका दाबायला जो एनटीसी (गरम झाला की रेझिस्टन्स कमी होणारा भाग) असतो तो गरम असताना कामच करत नाही, मिनिटभर थांबा.

मोटारीकडं परत, झटकाच कमी करायचा असेल तर दहा एचपीच्या पुढं स्टार डेल्टा (कॉईलला आधी कमी व्होल्टेज देऊन सुरू करणारा) स्टार्टर घ्या, लाईनवरचा स्टार्टिंग करंट डीओएलच्या एक तृतीयांशावर येतो. सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू चढवणारा) अजून चांगला पण महाग, आणि धुळीत-उंदरात विहिरीवर किती टिकतो ते मला अजून बघायचंय. सेंट्रिफ्युगल मोनोब्लॉक असेल तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करा, लोड कमी म्हणून लवकर सुटते, ऑटोवाल्यांना हे जमणार नाही म्हणा.

तात्यांच्या पेटीच्या दाराला आतनं आम्ही मार्करनं तारीख, ३२ जीजी, आणि रिले ११ असं लिहून ठेवलंय. खाली तात्यांनी स्वतः पेन्सिलनं लाईट गेल्याच्या रेघा मारायला सुरुवात केली होती, दर पाचाला एक आडवी, पण दोन आठवड्यात दाराला जागा संपली.